एक सूज मारणारी, एक तारणारी

अमरावतीचा राजकमल चौक असो की अकोल्याचा टॉवर चौक, पानठेल्यावरचं काम एकसारखंच. पन्नीवर सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना टाकायचा, पन्नी गुंडाळून खसाखसा घोटायची, की खर्रा तयार. राज्यात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली. खर्र्याची पुडी मात्र वऱ्हाडात गालाआड कायम राहिली.

चुना गालाच्या अस्तराला पोळतो, सुपारी ते खरवडते. जखम झाली की रोगप्रतिकारक पेशी तिथे धाव घेतात आणि सूज येते. एरवी दुरुस्ती आटोपली की सूज ओसरते. इथे ती ओसरायच्या आत पुढची पुडी गालात आलेली असते, त्यामुळे सूज वर्षानुवर्षं धुमसत राहते. त्यात सुपारीतलं अ‍ॅरिकोलिन अस्तराखाली कोलॅजनचे तंतू वाढवतं आणि सुपारीतलं तांबं त्या तंतूंची वीण घट्ट करतं.

सुरुवातीला ठेचा झोंबतो, मग साधं वरणही. गाल आतून पांढरट आणि चिवट होतात. तीन बोटं उभी मावणाऱ्या तोंडात पुढे दोन मावतात, मग एकच. मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं. आज डॉक्टर त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात आणि कर्करोगाची पूर्वावस्था मानतात. तंबाखू न घालता खाल्लेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे.

धुमसत्या सुजेत पेशी सारख्या विभागत राहतात आणि त्यांच्या डीएनएला इजा होत राहते. एखादी पेशी बिघडली, तर तिला टिपणं हे टी-पेशींचं काम. कर्करोगाच्या अनेक गाठी त्यांनाही गप्प बसवतात. टी-पेशीवर पीडी-1 नावाचा रेणू असतो; गाठीने तो दाबला की टी-पेशी हल्ला थांबवते. हा रेणू जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत 1992 मध्ये सापडला. 2018 मध्ये त्यांना जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासह नोबेल मिळालं. निवोलुमॅब हे औषध पीडी-1 झाकून ठेवतं आणि टी-पेशी पुन्हा कामाला लागतात.

अडचण किमतीची. पूर्ण मात्रेतलं निवोलुमॅब सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी त्यावर वेगळी वाट काढली. एरवी दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम दिलं जाणारं हे औषध त्यांनी तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम दिलं. सोबत मेथोट्रेक्सेट, एर्लोटिनिब आणि सेलेकॉक्सिब या गोळ्या होत्या. डोक्या-मानेचा कर्करोग पुढच्या टप्प्यावर गेलेल्या 151 रुग्णांपैकी निम्म्यांना नुसत्या गोळ्या, निम्म्यांना गोळ्या आणि निवोलुमॅब मिळालं. वर्षभरानंतर पहिल्या गटातले 16.3 टक्के, तर दुसऱ्यातले 43.4 टक्के रुग्ण हयात होते. कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी या चाचणीत नव्हती, हेही ध्यानात ठेवायला हवं.

यातलं सेलेकॉक्सिब हे सूज आणि वेदना कमी करणारं, सांधेदुखीतही दिलं जाणारं औषध. म्हणजे एकाच उपचारात एक औषध सूज शमवणारं आणि दुसरं प्रतिकारशक्तीला जागं करणारं. म्हणून सूज सरसकट वैरी नव्हे. मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कर्करोगात डॉक्टर बीसीजी लशीतले जिवंत जंतू थेट मूत्राशयात सोडतात आणि मुद्दाम सूज आणतात. त्या सुजेत जमलेल्या पेशी गाठीवर तुटून पडतात. उलट निवोलुमॅबने मोकळ्या झालेल्या टी-पेशी कधी आतड्यावर, कधी थायरॉइडवर, तर कधी फुप्फुसावर उलटतात. हा मारा तीव्र झाला तर तो शमवायला स्टेरॉइड द्यावं लागतं.

वऱ्हाडातले अनेक रुग्ण नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात जातात, काही रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतात. टाटामध्ये उपचार घेणाऱ्या परगावच्या रुग्णांसाठी दादरला धर्मशाळा आहे. तिला नाव आहे अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांचं.

फायब्रोसिस जडलं की तोंड पूर्ववत होणं कठीण असतं, तरी खर्रा सुटला की पुढची इजा थांबते. तोंडात तीन बोटं मावेनाशी झाली, किंवा गालातला पांढरा-लाल चट्टा अथवा व्रण दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टर तिथला तुकडा काढून तपासतात. गाठ लहान असतानाच सापडली, तर बहुतेकदा शस्त्रक्रियेवर भागतं.