असं का होतं? : चुकलेला शब्द ॲप विसरत नाही

लासूर स्टेशनच्या फलाटावर गाडीची वाट पाहत कुणी मोबाईलवर जपानी शिकत असेल, तर त्याच्या एक गोष्ट लक्षात येईल. काल चुकलेला शब्द ॲप आज पुन्हा विचारतं; नीट आलेला मात्र आठवडाभर तोंड दाखवत नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. विसरणं आधी झपाट्यानं होतं, मग मंदावतं. लगेच उजळणी केली तर फायदा थोडा, फार उशीर केला तर पाटी कोरी. निसटायच्या बेतात असलेला शब्द ताण देऊन आठवला, की पक्का होतो. कपाशीच्या पाण्यासारखंच हे: वाफसा येऊ दिला तर मूळ खोल जातं, रोज शिंपडलं तर वरच राहतं. म्हणून ॲप प्रत्येक शब्दाची वेगळी नोंद ठेवतं. उत्तर बरोबर आलं की पुढची पाळी लांबते, चुकलं की जवळ येते. (उत्तर चोरून पाहिलं, तर सगळा हिशेब बिघडतो!)

अर्थात, शब्दसाठा म्हणजे बोलणं नव्हे. आपल्याच जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं रोबोटच्या ओढीनं जपानी शिकू लागली, त्याची २०२० मध्ये देशभर बातमी झाली. तिथे ऑनलाइन का होईना, शिकवायला माणूस होता. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, त्यांना वर्गाला बसलेल्या मुलांनीच शिकवलं. त्यात शिकवणाऱ्याची उजळणी आपोआप होते.