घरांत शिरतांच मोबाइल मुका कां होतो?

पुण्यामुंबईकडे जुने वाडे आणि चाळी पाडून त्यांच्या जागीं सिमेंटच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यांस आतां बरींच वर्षें लोटलीं. पाणी, लिफ्ट, मोटार ठेवण्यास जागा, सर्व सोयी या इमारतींत आहेत. परंतु एक गाऱ्हाणें बहुतेक घरांतून ऐकूं येतें. गॅलरींत उभें राहिलें तर मोबाइल बोलतो, आंतल्या खोलींत नेला कीं मुका होतो. नातीचा ऑनलाइन तास मध्येंच तुटतो, मुलाची कचेरीची सभा अर्ध्यावर थांबते, बँकेचा ओटीपी मुदत सरल्यावर येऊन पोंचतो. एवढ्यावर भागतें तोंवर ती गैरसोय म्हणावी. पण अपरात्रीं आंतल्या खोलींत निजलेल्या वृद्ध माणसाच्या छातींत कळ आली आणि हातांतल्या यंत्रावरून डॉक्टरांस हांक गेली नाहीं, तर तिला गैरसोय कोण म्हणेल? या व्याधीची चिकित्सा घरच्या घरीं बरीचशी करतां येते. मात्र ती क्रमानें केली पाहिजे.

प्रथम निदान. आमच्या न्यायशास्त्रानें शब्द हा आकाशाचा गुण मानला आहे. मोबाइलचा शब्द मात्र विद्युच्चुंबकीय लहरींवर बसून येतो. या लहरी हाइनरिख हर्ट्झ यांनीं जर्मनींत १८८७-८८ सालीं प्रयोगानें सिद्ध केल्या, आणि १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं त्या भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली. भिंत ही लहरींस अनुल्लंघ्य नव्हे, हें तेव्हांपासून ठाऊक आहे. परंतु भिंतीभिंतींत भेद असतो. साध्या विटांची भिंत लहरींचा थोडाच भाग खाते. सिमेंट-काँक्रीटची जाड भिंत पुष्कळ अधिक खाते, आणि तिच्या पोटांतील लोखंडी सळयांची जाळी उरलेल्यांतून कांहीं परतवून लावते. ओल मुरलेली भिंत कोरड्या भिंतीहून अधिक शोषून घेते. लिफ्ट म्हणजे तर पोलादी पेटीच. तींत बोलणें तुटलें तर आश्चर्य मानूं नये. सर्वांत फसवी वस्तु म्हणजे उष्णता अडविणारी नवी काच. ती दिसावयास पारदर्शक, पण तिच्यावर धातूचा अतिसूक्ष्म लेप असतो. प्रकाश आंत येतो; मोबाइलच्या लहरी बहुतांशीं बाहेरच राहतात. अशी खिडकी उघडून पाहावी. सिग्नल एकदम सुधारला, तर चोर तेथेंच सांपडला असें समजावें.

लहरींतही लांब-आंखूड असा प्रकार आहे. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारें ३३ सेंटिमीटर लांब असते, २३०० ची सुमारें १३, आणि ५-जीच्या ३५०० मेगाहर्ट्झची अवघी साडेआठ. सामान्यतः लहर जितकी आंखूड तितकी ती भिंतींत लवकर दमते. म्हणून गॅलरींत ५-जी वेगानें धांवते आणि स्वयंपाकघरांत त्याच यंत्रावर ४-जीचें चिन्ह उमटतें. यांत यंत्राचा दोष नाहीं. उलट, घरांत ५-जी वारंवार येतें-जातें असें दिसलें, तर सेटिंगमध्यें जाऊन तें बंद करावें आणि ४-जीवरच राहावें. वेग थोडा कमी मिळेल, पण धागा तुटणार नाहीं.

आतां परीक्षा. यंत्राच्या माथ्यावरील दांड्यांवर विसंबूं नये. त्या प्रत्येक कंपनीचा मोबाइल आपल्या मर्जीप्रमाणें दाखवितो. खरा आंकडा डीबीएम या मापांत असतो. अँड्रॉइड यंत्रांत तो बहुधा ‘अबाउट फोन’ या भागांत सिमच्या माहितींत सांपडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* हा क्रमांक फिरविला कीं परीक्षेचा पडदा उघडतो. आंकडा ऋण असतो. उणें ८० चांगला, उणें १०० कामचलाऊ, उणें ११० च्या खालीं गेला कीं रड सुरू. यांतील गणित मुलांकडून करवून घेण्यासारखें आहे. दर दहा अंकांच्या उतारास शक्ति एक-दशांश होते. म्हणजे गॅलरींत उणें ८५ आणि आंतल्या खोलींत उणें १०५ असेल, तर वाटेंतल्या भिंतींनीं शंभरांतले नव्याण्णव भाग गिळले.

हा आंकडा कागदावर टिपीत घरभर फिरावें, आणि अन्वय-व्यतिरेकाची जुनी रीत लावावी: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. यंत्र तेंच ठेवून जागा बदला. मग जागा तीच ठेवून त्या यंत्रांत दुसऱ्या कंपनीचें सिम घाला. मग सिम तेंच ठेवून यंत्र बदला. जागेबरोबर आंकडा बदलला तर दोष भिंतींचा. सिमबरोबर बदलला तर टॉवर कोणत्या दिशेस व किती दूर आहे त्याचा. यंत्राबरोबर बदलला तर मात्र यंत्र दुरुस्तीस न्यावें. दहा मिनिटांचें काम, पण तें न करतां नवा मोबाइल विकत आणणारीं घरें मीं पाहिलीं आहेत.

एक अपवाद ध्यानांत ठेवावा. आंकडा उत्तम, दांड्या पूर्ण, आणि तरीही रात्रीं आठ ते अकरा चित्र हलत नाहीं. पहाटे मात्र सर्व सुरळीत. हा सिग्नलचा दोष नव्हे, गर्दीचा आहे. एकाच टॉवरवर साऱ्या पेठेचा भार पडतो तेव्हां आवाज स्पष्ट ऐकूं येऊनही पाळी येत नाहीं. तसेंच, अति उंच मजल्यावर राहणाऱ्यांस टॉवर समोर दिसत असूनही त्रास होतो. टॉवरचीं तोंडें रस्त्याकडे खालीं कललेलीं असतात, आणि उंचावर अनेक टॉवर एकदम ऐकूं येऊन गोंधळ होतो.

आतां उपाय, आणि प्रथम, काय करूं नये तें. बाजारांत ‘बूस्टर’ या नांवानें एक पेटी मिळते. विकणारा घरीं येऊन बसवूनही देतो. ती घेऊं नये. परवान्याशिवाय असें बिनतारी यंत्र बाळगणें १९३३ सालच्या कायद्यानें गुन्हा ठरविलें, आणि २०२३ सालच्या दूरसंचार कायद्यानेंही ती मनाई कायम ठेवली आहे. हा निर्बंध निष्कारण नाहीं. कीर्तनाच्या मांडवांत कर्णा आणि मायक्रोफोन समोरासमोर आले कीं जी किंकाळी उठते, तशीच किंकाळी या पेटीचे बाहेरील व आंतील अँटेना एकमेकांस ऐकूं लागले म्हणजे लहरींत उठते. ती आपणांस ऐकूं येत नाहीं, पण टॉवरचे कान बधिर करते. एका घरास चार दांड्या मिळतात आणि आळींतील दहा घरांच्या जातात.

निर्दोष उपाय वाय-फायचा. बहुतेक घरांत आतां तारेनें इंटरनेट येतें. मोबाइलच्या सेटिंगमध्यें ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू करावें, म्हणजे बोलणें टॉवरकडे न जातां घरच्या तारेनें जातें. भारतांत ही सोय २०१९ च्या अखेरीपासून मिळूं लागली. पण राउटरची जागा! तार जेथून आंत आली त्या कोपऱ्यांत, टीव्हीच्या पाठीमागें नाहींतर पोलादी कपाटाच्या माथ्यावर तो बिचारा कोंडलेला असतो. त्यास घराच्या मध्यभागीं, उंचावर आणि मोकळा ठेवावा. घर लांब असेल तर आंतल्या खोलीपर्यंत तार नेऊन तेथें दुसरा लहान राउटर बसवावा. खर्च थोडा, सुख पुष्कळ. आणि वीज गेली कीं राउटर मरतो, हें विसरूं नये. त्याच्यासाठीं लहान बॅटरी मिळते, ती अवश्य घ्यावी. संकट कांहीं वीज पाहून येत नाहीं.

एकत्र कुटुंबास माझी आणखी एक सूचना आहे. घरांतील सर्वांचीं सिमें एकाच कंपनीचीं ठेवूं नयेत. परीक्षेंत जिचा आंकडा आंतल्या खोलींत बरा आला, त्या कंपनीचें सिम आजीआजोबांस द्यावें, मग इतरांचें कोणतेंही असो. २०११ सालापासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलतां येते. तेव्हां जुन्या क्रमांकाची अडचण सांगण्यांत अर्थ नाहीं.

येथवरचें काम घरांतलें झालें. पुढचें सोसायटीच्या सभेंतलें आहे, आणि तें अधिक अवघड. कारण ‘सिग्नल हवा, टॉवर नको’ असे दोन ठराव एकाच सभेंत पास होतात. टॉवरच्या किरणांची भीति कित्येकांस वाटते. तिच्याविषयीं इतकेंच सांगतों कीं १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशांतील मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश ठेवलेली आहे. २०१७ सालीं सरकारनें सुरू केलेल्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर आसपासचे टॉवर पाहतां येतात, आणि शुल्क भरून मोजणीही मागवितां येते. उलट, टॉवर दूर गेला कीं त्यास गांठण्यासाठीं कानाशीं धरलेला मोबाइलच आपला जोर वाढवितो. तो तापतो आणि त्याची बॅटरी लवकर उतरते, त्याचें हेंही एक कारण आहे. ज्यांस गच्चीवर टॉवर नकोच, त्यांनीं कंपनीकडे इमारतींतर्गत लहान अँटेनांची मागणी करावी. हे जिन्यांत व वाहनतळांत बसतात आणि मंद शक्तीवर चालतात. एकट्या भाडेकरूच्या अर्जास कंपनी उत्तर देत नाहीं. सर्व बिऱ्हाडांच्या सह्या आणि खोलीवार आंकड्यांचा कागद जोडला तर अर्ज वाचला जाण्याचा संभव अधिक.

ज्यांची इमारत अजून कागदावर आहे, पुनर्विकासाचा करार व्हावयाचा आहे, त्यांस तर ही संधि दवडतां येणार नाहीं. ट्राय या नियामक प्राधिकरणानें ऑक्टोबर २०२४ मध्यें इमारतींस या बाबतींत तारांकित दर्जा देण्याचे नियम केले आहेत. बिल्डरास सही करण्यापूर्वीं विचारावें: हा दर्जा घेणार काय? जिन्यांतून तारा नेण्यास नळी आणि प्रत्येक मजल्यावर यंत्रास जागा ठेवली आहे काय? सर्व कंपन्यांस सारखा प्रवेश देणार, कीं एकीशींच करार करणार? खिडक्यांची काच कोणती? उत्तरें तोंडीं घेऊं नयेत; करारनाम्यांत लिहून घ्यावींत.