उगवण खतानं वाढत नाही

मृग जवळ आला की हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोली भागात एक सल्ला हमखास कानावर येतो: "बियाण्याबरोबर थोडं डीएपी जाऊ द्या, उगवण चांगली होईल." नवरात्रात हाच समज घरात येतो. घट जोमानं उगवला की श्रेय मातीला मिळतं. बी मातीतलं अन्न खाऊन उगवतं, असं दोन्हीकडे गृहीत धरलेलं असतं. ते साफ चूक आहे आणि शेतकऱ्याला महागात पडतं.

घटाकडेच नीट पाहावं. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गहू-जोंधळ्याचे कोंब नऊ दिवसांत वीतभर होतात, तेही पिवळे. उजेड नाही म्हणून हरितद्रव्य नाही, आणि हरितद्रव्य नाही म्हणून नवी साखर तयार होत नाही. मातीतून पाणी आणि थोडे क्षार मिळतात. पण कोंबाचं अंग ज्या कर्बोदकांनी बनतं ती मातीतून येत नाहीत. ती दाण्यातली असतात. हे कोंब मुळांसकट पूर्ण वाळवून तोलले, तर पेरलेल्या दाण्यांपेक्षा वजन कमीच भरतं, कारण साठ्याचा काही भाग श्वसनात खर्च झालेला असतो.

ही शिदोरी कणीस भरतानाच बांधली जाते. पानांत तयार झालेली साखर दाण्यात उतरते आणि तिथं स्टार्चच्या कणांच्या रूपात साठते. गहू आणि ज्वारीच्या दाण्याचा निम्म्याहून बराच जास्त भाग स्टार्चच असतो. स्टार्च पाण्यात सहज विरघळत नाही, त्यामुळे वाळलेल्या दाण्यात तो महिनोन् महिने टिकून राहतो.

दाण्यानं पाणी शोषलं की आतला गर्भांकुर जागा होतो. तो जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. त्या संदेशावर सालीखालचा पातळ थर अमायलेज हे विकर तयार करतो, आणि अमायलेज स्टार्च तोडून त्याची साखर करतं. माल्टमधलं असं स्टार्च तोडणारं द्रव्य पायेन आणि पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1833 मध्येच वेगळं केलं होतं. त्याची करामत स्वयंपाकघरातही दिसते: काढणीच्या वेळी अवकाळी पावसात भिजून मोड फुटलेल्या गव्हाची कणीक चिकट होते, ती याच विकरामुळे.

सोयाबीनची गोष्ट थोडी निराळी. त्यात स्टार्च नगण्य असतो. सुमारे 40 टक्के प्रथिनं आणि 20 टक्के तेल असतं. उगवताना त्या तेलाचीही साखर होते. हा मार्ग कॉर्नबर्ग आणि बीव्हर्स यांनी 1957 मध्ये एरंडाच्या बियांत दाखवून दिला. साठा कोणताही असो, तो बियाण्यातच असतो.

मग बियाण्याला चिकटून पडलेलं खत काय करतं? त्यातले क्षार बियाभोवतीचं पाणी धरून ठेवतात. ओल कमी असेल तर बी पुरेसं फुगत नाही, कोवळं मूळ करपतं. म्हणून दोन चाडी पाभरीनं खत बियाण्याच्या खाली आणि थोडं बाजूला पेरायचं असतं. खत लागतं, पण ते मुळं पसरल्यावर, शिदोरी संपत आल्यावर कामी येतं. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी राज्यभरातून आल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. निकृष्ट बियाणं हा त्यातला मुख्य मुद्दा होता. गर्भांकुर मेलेला असेल तर कितीही खत ओतून बी उगवणार नाही!

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"उसाची कांडी खतावर फुटते." हुपरीच्या जवाहर साखर कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी जाणतो की शेंड्याकडचे कोवळे डोळे बुडख्यापेक्षा लवकर फुटतात, कारण शेंड्याकडे सहज वापरता येणारी ग्लुकोजसारखी साधी साखर जास्त असते.

"मोड आले की प्रथिनं दुप्पट होतात." 100 ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं असतात, लांब मोड आलेल्या 100 ग्रॅम मुगात जेमतेम 3, कारण बाकी बहुतेक पाणी. वाढतं ते क जीवनसत्त्व.

"उजेडाशिवाय बी रुजत नाही." बहुतेक पिकं अंधारातच रुजतात. निपाणी पट्ट्यातला तंबाखू हा अपवाद: त्याच्या बारीक बियांना उजेड लागतो, म्हणून ते वाफ्यात अगदी वरवर टाकतात.

पेरणीआधी करण्याजोगं काम एकच आहे आणि त्याला खर्च नाही. सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळावेत, गोणपाट ओलं ठेवावं आणि आठवडाभरानं निरोगी कोंब मोजावेत. प्रमाणित बियाण्यासाठी किमान 70 ही अट आहे. त्याहून थोडे कमी आले तर एकरी बियाणं वाढवावं. फारच कमी आले तर ते बियाणं पेरूच नये.