चाळणीचे गणित आणि मनाचे दुखणे

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याचा तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला तालुका. इथली शेती मुख्यतः कापसाची, आणि कोलामांचे पोड जागोजाग. समजा, इथल्या एखाद्या गावात आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेत आहेत. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती? कामात मन लागले का? जेवण गेले का? असे नऊ प्रश्न आहेत. त्रास अजिबात नसेल तर ०, जवळजवळ रोज असेल तर ३ गुण. म्हणजे बेरीज जास्तीत जास्त २७. ती १० किंवा अधिक आली, तर नैराश्याची शंका घ्यायची. पीएचक्यू-९ नावाची ही प्रश्नावली आज जगभर वापरली जाते.

एका शेतकऱ्याची बेरीज १२ आली. त्याला नैराश्याचा आजार आहे, असे म्हणायचे का?

घाई न करता आधी थोडे गणित करूया. प्रश्नावली ही एक चाळणी आहे. धान्य चाळताना काही खडे वर राहतात आणि काही दाणे खाली पडतात, तसे इथेही होते. या प्रश्नावलीचा अभ्यास २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात आजार असलेल्या दर १०० पैकी ८८ जणांना तिने बरोबर ओळखले, आणि आजार नसलेल्या दर १०० पैकी ८८ जणांना बरोबर वेगळे काढले. चाळणी चांगलीच म्हणायची.

आता गावात १,००० प्रौढ माणसे आहेत असे धरू. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात २.७ टक्के प्रौढांना त्या वेळी नैराश्य असल्याचे आढळले. त्या हिशेबाने आपल्या गावात असे २७ जण असतील. त्यांतले २४ चाळणीत सापडतील, ३ निसटतील. उरलेल्या ९७३ जणांना आजार नाही, पण त्यांच्यातलेही १२ टक्के, म्हणजे सुमारे ११७ जण, चाळणीत अडकतील. एकूण १४१ जणांची बेरीज १० च्या वर गेली, आणि त्यांत खरे आजारी २४. म्हणजे सहांत एक!

पण समजा, पीक बुडालेल्या वर्षी त्याच गावात २७ ऐवजी १५० जण नैराश्यात आहेत. आता १३२ सापडतील, १८ निसटतील, आणि निरोगी ८५० पैकी १०२ अडकतील. २३४ पैकी १३२, म्हणजे निम्म्याहून अधिक खरे आजारी. प्रश्न तेच, गुण तेच, तरी १२ या बेरजेचा अर्थ बदलला. आजार मुळात किती पसरलेला आहे, हे कळल्याशिवाय आकड्याचा अर्थ लावता येत नाही. थॉमस बेझ या इंग्रज गणितज्ञाच्या १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या विचाराचे मूळ आहे.

आज संगणकाला हजारो रुग्णांच्या नोंदी, आवाज, मोबाइलचा वापर अशी माहिती देऊन मनाचे आजार ओळखायला शिकवले जाते. त्यातून उपयोगी गोष्टी हाती लागतात, पण संगणकालाही हे गणित चुकत नाही. घटना जितकी विरळ, तितके खोटे इशारे अधिक. आत्महत्येचे विचार व कृती यांचा अंदाज बांधणाऱ्या ५० वर्षांतील ३६५ अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ते अंदाज नाणेफेकीपेक्षा थोडेसेच बरे निघाले.

दुसरी अडचण नोंदींचीच आहे. वरच्या सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या दर १०० पैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. मग दवाखान्यातल्या नोंदींवरून शिकलेला संगणक उरलेल्या पंधरांनाच ओळखणार. पोडावरची जी बाई 'डोके दुखते, अंगात ताकद नाही' एवढेच सांगते, किंवा जिच्या घरची बोली कोलामी आहे, ती त्या नोंदींत कुठून येणार? इतकेच नव्हे, ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपण वर घेतलेला २७ हा आकडाही उसनाच आहे. म्हणून आपल्या भागाची मोजणी आपल्याच भागात व्हायला हवी.

मोजणीला माणसांची जोड मिळाली की काय घडते, हे विदर्भात दिसले आहे. 'विश्राम' या कार्यक्रमात ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून त्यांना मदतीपर्यंत पोचवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

हे गणित वर्गातही करता येईल. आलेखाच्या कागदावर दहा चौरस सेंटिमीटर आखले की मिलिमीटरचे १,००० चौकोन मिळतात. त्यांत आधी २७, मग १५० चौकोन रंगवून वरचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. प्रश्नावली मात्र मुलांकडून भरून घेऊ नये आणि कोणावर शिक्का मारू नये.

एक गोष्ट विसरू नये. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचे उत्तर 'हो' असेल, तर बेरीज ३ असली तरी थांबायचे नाही. त्या माणसाला एकटे न सोडता लगेच डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

तर १२ गुण मिळालेल्या त्या शेतकऱ्याला आजार आहे का? आकडा एवढेच सांगतो, की त्याच्या ओसरीवर थोडा वेळ बसायला हवे. पुढचे त्याच्याशी बोलून आणि डॉक्टरांनी तपासूनच कळेल. आणि ज्याची बेरीज ८ आली, पण जो अलीकडे पारावर दिसत नाही, त्याच्याकडेही एक चक्कर मारायला हवी. चाळणीतून निसटलेल्या तिघांपैकी तो एक असू शकतो.