मोटारीच्या ब्रेकचा न बसणारा जबडा

मोटार चालविणें ही कला असेल. परंतु मोटार थांबविणें हें शास्त्र आहे. एंजिन बंद पडलें तर प्रवास खोळंबतो. पण ब्रेक निकामी झाला तर आंत बसलेल्यांचा आणि रस्त्यानें जाणाऱ्यांचा जीव धोक्यांत येतो. ज्या घरांत वीस-पंचवीस वर्षें वापरलेली गाडी आहे, तेथें तिच्या ब्रेकचा एखादा भाग बदलण्याचा प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच. आणि ‘नवा भाग जागेवर बसत नाहीं’ ही तक्रारही त्याबरोबर येते. ती कां उद्भवते, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम रचना ध्यानांत घेऊं. चाकाबरोबर एक बिडाची चकती फिरत असते. तिला डिस्क म्हणतात. या चकतीला दोन्ही बाजूंनीं कवेंत घेणारा जो जबडा, तोच कॅलिपर. त्यांत चकतीच्या दोन अंगांस घर्षणाच्या दोन वड्या, म्हणजे पॅड, असतात. पायानें पेडल दाबलें कीं नळींतील द्रवावर दाब पडतो, आणि बंदिस्त द्रवावरील दाब सर्वत्र सारखा पोंचतो या पास्कलच्या नियमानुसार तो कॅलिपरमधील पिस्टनला पुढें ढकलतो. इंग्लंडांत लँचेस्टर यांनीं अशा ब्रेकचें पेटंट १९०२ सालींच घेतलें होतें; परंतु १९५३ मध्यें ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीनें जिंकली, आणि मगच त्याचें महत्त्व सर्वांस पटलें. मारुति ८०० सारख्या लहान गाड्यांत असा जबडा पुढील चाकांनाच असून मागें ड्रम असतो. या जबड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आंतील पॅड दाबतो, आणि जबड्याचें अंग दोन गुळगुळीत खिळ्यांवरून उलट दिशेला सरकून बाहेरील पॅड ओढून आणतें. हें सरकणें थांबलें कीं सर्व व्यवस्था बिघडली.

आतां न बसण्याचीं कारणें पाहूं. सर्वांत साधें कारण म्हणजे पिस्टन बाहेर आलेला असणें. जुने पॅड झिजत गेले तसतसा तो पुढें सरकलेला असतो. जाड नव्या पॅडांना मग जागा कोठून मिळणार? तो सावकाश आंत दाबावा. त्या वेळीं वरच्या डबींतील ब्रेक-ऑईल उफाळून रंगावर सांडूं नये, म्हणून आधीं थोडें काढून ठेवावें. कांहीं गाड्यांच्या मागील कॅलिपरमध्यें हातब्रेकची योजना असते. तेथील पिस्टन दाबून जात नाहीं, तो फिरवीत आंत न्यावा लागतो. तेथें जोर करणें म्हणजे आंतील यंत्र मोडणें.

दुसरें कारण गंज. चकतीच्या कडेला न झिजलेली कांठ उभी राहते, आणि हबवर गंजाचा पापुद्रा चढतो. त्यावर नवी चकती बसविली तर ती किंचित् वांकडी फिरते, आणि ब्रेक दाबतांना पेडल थरथरतें. तारेच्या ब्रशनें ही जागा साफ करावी. चकतीची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते; चकती त्याहून पातळ झाली असल्यास बदलणेंच इष्ट.

तिसरें कारण म्हणजे भागच दुसऱ्या नमुन्याचा असणें. एकाच नांवाच्या गाडीचे भाग वर्षावर्षाला बदलतात. म्हणून जुना व नवा भाग शेजारीं ठेवून बोल्टांचें अंतर, चकतीचा व्यास आणि नळीचें तोंड आधीं ताडून पाहावें. भोंक कानशीनें मोठें करून भाग बसविणारा कारीगर कितीही कुशल असला, तरी ब्रेकच्या बाबतींत तें कौशल्य टाळावें.

परंतु जो भाग बसत नाहीं त्यापेक्षां, चुकीचा असूनही बसतो तो अधिक घातक. कित्येक गाड्यांत डावा कॅलिपर उजवीकडे सहज बसतो. मात्र मग हवा काढण्याचें निपल खालीं येतें. हवा तर द्रवाच्या वर जाऊन राहते. तेव्हां दिवसभर खटपट केली तरी ती निघत नाहीं, आणि पेडल मऊच राहतें. निपल नेहमीं वर असावें, ही खूण विसरूं नये.

चाक जाम होऊन तापूं लागलें, तर दोष कोठें आहे हें ओळखण्याची एक युक्ति आहे. गाडीचीं इतर चाकें ठोकळ्यांनीं अडवून व ती भक्कम आधारावर उचलून निपल क्षणभर सैल करावें. चाक मोकळें झालें तर दाब आंत कोंडला आहे; बहुधा जुनी रबरी नळी आंतून फुगली असेल. मोकळें न झाल्यास पिस्टन किंवा सरकते खिळे अडकले आहेत. खिळ्यांना रबरास न बाधणारें ग्रीजच लावावें. साध्या खनिज ग्रीजनें रबर फुगतें. नळीच्या जोडाला तांब्याचे वायसर नवे घालावे, नळीला पीळ पडूं देऊं नये, आणि स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ती कोठें घासत नाहीं ना, हें पाहावें. ब्रेक-ऑईल हवेंतील ओलावा शोषतें. डॉट ३ जातीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदु किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरूं शकतो. घाटांत उतरतांना याचा अर्थ कळतो: द्रव उकळून त्याची वाफ झाली कीं पेडल पोकळ जातें.

काम संपल्यावर गाडी हलविण्यापूर्वीं पेडल कठीण होईपर्यंत अनेकदां दाबावें. कारण मागें नेलेला पिस्टन पॅडपर्यंत येईतों पहिला दाब व्यर्थ जातो. मग मोकळ्या सपाट जागीं मंद गतीनें परीक्षा घ्यावी. ज्यांस हें काम अपरिचित आहे, त्यांनीं तें जाणत्या कारागिराकडे सोंपवावें. परंतु निपल वर आहे का आणि वायसर नवे घातले का, हे दोन प्रश्न त्याला अवश्य विचारावे. ब्रेकच्या कामांत हातोडीपेक्षां चौकस दृष्टीच अधिक उपयोगी पडते.