रस्त्यावर मेलेल्या कोल्ह्याचा हिशेब

वाशीहून बेलापूरला पाम बीच मार्गाने जाताना एका बाजूला इमारती दिसतात, तर दुसऱ्या बाजूला खाडी आणि कांदळवन. या कांदळवनात कोल्हे राहतात, हे नवी मुंबईतल्या कितीतरी कुटुंबांना ठाऊक नसते. मगरिबनंतर ते खेकडे, उंदीर शोधत बाहेर पडतात आणि कधी कधी भरधाव गाडीखाली सापडतात. २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात कोल्ह्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत स्थान दिले. पण रस्त्यावर मेलेल्या कोल्ह्याची खूण फजरपर्यंत उरतेच असे नाही. कावळे, घारी, भटकी कुत्री आणि सफाईची गाडी मिळून ती मिटवतात.

म्हणून ज्याला दिसेल त्याने नोंद करावी, अशी पद्धत जगात रुजली आहे. कॅलिफोर्नियात २००९पासून आणि ब्रिटनमध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१३पासून सामान्य लोक अशा नोंदी पाठवत आले आहेत. आपल्याकडे मुंबईच्या वाइल्डलाइफ कन्झर्वेशन ट्रस्टने २०१८ साली रस्ते आणि रेल्वेरुळांवर मेलेल्या प्राण्यांच्या नोंदीसाठी मोबाइल ॲप काढले. आयनॅचरलिस्ट या मोफत ॲपवरही अशी नोंद करता येते.

काम सोपे आहे. फोटो, ठिकाण, तारीख आणि वेळ एवढे पुरते. नाव ठाऊक नसले तरी चालते. उलट नावानेच गोंधळ होतो, हे आम्ही वर्गात नेहमी पाहतो. घरी उर्दू बोलणारी मुले कोल्हा म्हटले की लोमडी समजतात. मराठीतला हा कोल्हा म्हणजे उर्दूतला गीदड, आणि लोमडीला मराठीत खोकड म्हणतात. फोटो असला की जाणकार बरोबर ओळखतो.

या नोंदींत एक खोट राहते. मोठा प्राणी सर्वांना दिसतो, बेडूक कोणाला दिसत नाही. पहिल्या पावसात कोकणातल्या रस्त्यांवर बेडूक आणि खेकडे ढिगाने चिरडले जातात, पण फोटो निघतो तो घोरपडीचा किंवा धामणीचा. त्यामुळे एकच ठरलेला रस्ता पुन्हा पुन्हा पाहणे आम्हाला अधिक मोलाचे वाटते. ज्या दिवशी काही दिसले नाही, तो दिवसही वहीत लिहावा. वर्षभराने मग कळते की मरण सगळीकडे सारखे विखुरलेले नसून ठराविक वळणांवर, ठराविक महिन्यांत साठते.

जागा कळली की उपाय करता येतो. नागपूरजवळ पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४वर प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी खालून वाट ठेवली आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तेथे कॅमेरे लावले, तेव्हा १८ प्रजातींचे वन्यप्राणी त्या वाटांनी जाताना टिपले गेले. वाघही त्यांत होते. शहरात इतका खर्च दरवेळी लागेलच असे नाही. एखाद्या टापूत रात्रीचा वेग कमी केला, कुंपण घातले किंवा नाल्याची मोरी मोकळी ठेवली तरी फरक पडू शकतो. दुचाकीवरून घरी परतणाऱ्या आपल्या मुलांच्याही हे हिताचेच आहे. अचानक आडव्या आलेल्या जनावराला चुकवताना स्वार पडतो.

ईदला गावी, महाड-म्हसळ्याकडे जाणारी आपली कुटुंबे पनवेल सोडले की कर्नाळा अभयारण्यातून जातात. तिथे नोंद करायचे काम मागे बसलेल्याने करावे, गाडी चालवणाऱ्याने मुळीच नाही. धावत्या गाडीतून फोटो नाही निघाला तर ठिकाण आणि वेळ तेवढी लिहून ठेवावी. महामार्गावर फोटोसाठी उतरू नये आणि मुलांना तर कडेलाही उभे करू नये. मेलेल्या जनावराला हात लावू नये. ते जखमी असेल, तर दुरूनच वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावे आणि जवळचा किलोमीटरचा दगड किंवा खांबाचा क्रमांक सांगावा.