खार, शेकरू आणि माणूस : वृक्षाच्छादनाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील खारवर्गीय प्राण्यांपैकी दोन प्राणी विशेष परिचित आहेत. एक म्हणजे अंगणात व परसात वावरणारी पट्टेरी खार आणि दुसरा म्हणजे सह्याद्रीच्या दाट अरण्यात राहणारे शेकरू. हे दोन्ही प्राणी एकाच कुलातील असले, तरी मानवी वस्तीशी त्यांचे नाते अगदी भिन्न आहे. या भेदाची कारणे कोणती आणि नाशिकसारख्या वाढत्या शहराने त्यातून काय बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाशिक परिसरातील खार

नाशिक परिसरात आढळणारी खार 'फुनाम्बुलस पेनांटी' या शास्त्रीय नावाने ओळखली जाते. 'फुनाम्बुलस' या लॅटिन शब्दाचा अर्थ दोरीवरून चालणारा असा आहे. विजेच्या तारेवरून धावणारी खार पाहिली की या नामकरणाची यथार्थता पटते. फळे, बिया, कोवळे कोंब, कीटक, प्रसंगी पक्ष्यांची अंडी आणि माणसाने टाकलेले अन्न, असा तिचा आहार व्यापक आहे. झाडाची ढोली मिळाली नाही तर छपराच्या सांदीत काथ्या, कापूस व चिंध्या जमवून ती घरटे करते. अन्न व निवारा यांबाबतच्या या लवचिकतेमुळेच ती माणसाच्या सान्निध्यात टिकून राहिली आहे. सावर, पांगारा यांसारख्या वृक्षांच्या फुलांतील मकरंद चाखताना तिच्या तोंडाला लागलेले परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात, हे तिचे सहसा दुर्लक्षित राहणारे कार्य होय.

लोकमानस आणि शेतकऱ्याचा अनुभव

सेतुबंधनाच्या वेळी वाळूचे कण वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून श्रीरामांनी बोटे फिरवली व तेथे पट्टे उमटले, ही कथा सर्वश्रुत आहे. वाल्मीकी रामायणात ती आढळत नाही. प्रादेशिक रामकथा व लोकपरंपरा यांतून ती रुजली. 'खारीचा वाटा' हा वाक्प्रचार त्याच कथेने मराठीला दिला. रामाच्या वास्तव्याची परंपरा सांगणाऱ्या पंचवटीत या कथेला साहजिकच विशेष जिव्हाळा लाभला आहे. कथेत तीन बोटांचे तीन पट्टे येतात, नाशिकच्या खारीच्या पाठीवर मात्र पाच फिकट पट्टे असतात.

तथापि श्रद्धेबरोबर संघर्षही आहे. द्राक्षे व डाळिंबे ही या जिल्ह्याची प्रमुख फळपिके. खारी पिकत आलेली फळे कुरतडतात, तसेच ठिबक सिंचनाच्या नळ्यांनाही उपद्रव देतात. खारीचे पटाशीसारखे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने सतत कुरतडणे ही तिची शारीरिक गरज आहे. म्हणून हा प्रश्न केवळ भूतदयेने किंवा केवळ रोषाने सुटणारा नाही.

शेकरू : अखंड छत्राचा रहिवासी

शेकरू, अर्थात 'रातुफा इंडिका', हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. सुमारे १३० चौ. किमी. क्षेत्राचे भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले, ते प्रामुख्याने याच प्राण्यासाठी ओळखले जाते. सुमारे दोन किलो वजनाचे हे जनावर क्वचितच जमिनीवर उतरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सहा मीटरपर्यंत झेप घेत ते प्रवास करते, आणि उंच फांद्यांवर काटक्या व पाने यांची गोलाकार घरटी बांधते. एकच शेकरू अशी अनेक घरटी वापरते. त्याने अर्धवट खाऊन टाकलेली फळे जमिनीवरील प्राण्यांच्या उपयोगी पडतात. रस्त्यासाठी वा शेतीसाठी मधली झाडे गेली की त्याच्या वाटाच तुटतात. आहुपे येथील देवराईसारख्या, श्रद्धेने राखलेल्या वनांचे मोल येथे लक्षात येते.

नाशिकसाठी बोध

महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद केली. ही तरतूद स्वागतार्ह असली, तरी तिच्यात गणना सुट्या झाडांची होते. ढोली असलेला जुना बुंधा व एकमेकांत गुंतलेल्या फांद्या यांची भरपाई रोपांच्या संख्येने तत्काळ होत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात प्रस्तावित झालेल्या वृक्षतोडीविरुद्ध २०२५ च्या अखेरीस नाशिककरांनी आवाज उठवला, त्यामागील प्रश्नही हाच होता.

निष्कर्ष

खार माणसाशी जुळवून घेते, शेकरू घेऊ शकत नाही. परंतु खारीच्या जुळवून घेण्यालाही मर्यादा आहे. तारांवरून ती धावते, ते फांद्यांची वाट तुटल्यामुळेही असते. महाविद्यालयांच्या आवारात बहुधा जुनी झाडे टिकून आहेत. तेथील ढोल्या, घरटी व फांद्यांचे सलग मार्ग यांची नोंद वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व भूगोल या विभागांनी विद्यार्थ्यांकडून एकत्रितपणे करून घेतल्यास, झाड तोडण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा संख्येपलीकडचा पुरावा हाती असेल. वृक्षरक्षणातील शिक्षणसंस्थांचा हा खारीचा वाटा ठरेल.